कॅलिबर आणि सुमात्रापीडीएफ: ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवरचा अनुभव

बाबा सावानाचे, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचे, जुने सभासद. १८४० पासूनचं हे वाचनालय नाशिककरांना नव्याने सांगायला नको. गुडघ्यांमुळे त्यांचं तिकडे जाणं कमी झालं, तेव्हा घरातल्या जुन्या लॅपटॉपवर वाचनाची सोय केली. ४ जीबी रॅम, विंडोज १०, साधी हार्ड डिस्क. उन्हाळ्यापासून रोज वापर आहे, आता थंडी पडलीय.

आधी कॅलिबर हे ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअर टाकलं. मोफत आहे, ईपब, मोबी, पीडीएफ अशा सगळ्या प्रकारच्या फाइली सांभाळतं. २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून त्याला ६४-बिट विंडोज लागतं; ३२-बिट मशीनवाल्यांना ५.४४ वरच थांबावं लागतं. डाउनलोडआधी सेटिंग्जमधलं ‘सिस्टिम टाइप’ बघून घ्या.

सुरू व्हायला कॅलिबर बराच वेळ घ्यायचं, पण एकदा ईपब उघडलं की कुठे अडत नसे. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप जुळतात, बाबांना पान आडवं सरकवावं लागत नाही. खरा त्रास स्कॅन केलेल्या पीडीएफचा, आणि जुनी मराठी पुस्तकं बरीचशी त्याच रूपात मिळतात. फाइल लहान दिसते, पण ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलेलं ए-फोर आकाराचं एकच पान उलगडल्यावर मेमरीत सुमारे २५ एमबी घेतं. त्यात ब्राउझर उघडा असला की ४ जीबी पुरत नाही. म्हणून पीडीएफसाठी सुमात्रापीडीएफ. अगदी हलकं, इन्स्टॉल न करताही चालतं, आणि बाबा त्यावर खूश आहेत.

मधे हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसवली. लॅपटॉप आणि कॅलिबर दोन्ही झटकन सुरू व्हायला लागले. जड स्कॅनची पानं उलटण्यात मात्र फारसा फरक नाही. तिथे काम प्रोसेसर आणि रॅमचं. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ईपब वाचणाऱ्याने एसएसडी घ्यावी, स्कॅन वाचणाऱ्याने रॅम, असं माझं स्पष्ट मत.

डिस्कची जागाही धरा. कॅलिबर प्रत्येक पुस्तकाची स्वतःची प्रत करून ठेवतं, त्यामुळे मूळ फाइल तशीच राहिली तर जागा दुप्पट जाते.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हे मशीन ११ घेत नाही. आता विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकणार आहे. कॅलिबर तिथेही चालतं. सुमात्रा फक्त विंडोजसाठी आहे, म्हणून पीडीएफ वाचायला तिथलं ओक्युलर वापरून बघणार.