माझाच कॅटकॉन मला 'नवा' म्हणून विकला

गाडी २०१४ची, पेट्रोल, मीटरवर १ लाख १८ हजार. गेल्या पावसाळ्यात सासवडला जाताना दिवे घाटात डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. लुकलुकत नव्हता, नुसता पेटलेला. (लुकलुकला तर मिसफायर, म्हणजे इंजिनात इंधन नीट पेटत नाहीये, असं समजा आणि गाडी बाजूला घ्या.) पिकअप ठीक, तापमानाचा काटा ठीक. फक्त सकाळी थंड इंजिन चालू केलं की बॉनेटखालून टिकटिक यायची आणि दोन-तीन मिनिटांत थांबायची.

ही टिकटिक मी गॅरेजवाल्याला सांगितली होती. "टॅपेट असेल, जुनी गाडी आहे साहेब," म्हणाला. गॅरेज चकाचक, बसायला एसी केबिन, वर कॉफी. स्टिअरिंगखालच्या पोर्टला स्कॅनर लावला, कोड आला पी०४२०. "कॅटकॉन गेला." कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या पाइपात बसणारा, धूर साफ करणारा डबा.

त्या कोडचा अर्थ मी नंतर शोधला. कॅटकॉनच्या पुढचा आणि मागचा, अशा दोन ऑक्सिजन सेन्सरची रीडिंग बघून गाडी म्हणते की धूर हवा तेवढा साफ होत नाहीये. का होत नाही, ते शोधणं मिस्त्रीचं काम. पण तेव्हा मी कंपनीच्या नव्या कॅटकॉनचा ४२ हजार हा आकडा ऐकून गार झालो होतो, त्यामुळे "दुसऱ्या मेकचा १८,५००मध्ये बसवतो, जुना एक्स्चेंजमध्ये परत द्यावा लागेल" हे मला चक्क उपकारासारखं वाटलं. संध्याकाळी गाडी घेतली. दिवा बंद, खाली चंदेरी रंगाचा डबा. आवाज जरा मोठा वाटला, तर म्हणाला, "गाडी मोकळी झाली, आता पिकअप बघा."

दिवा बंद झाला तो कोड पुसल्यामुळे. कोड पुसला की गाडीला ती तपासणी पुन्हा पूर्ण करायला काही फेऱ्या लागतात. माझ्या गाडीला ११ दिवस लागले, आणि दिवा पुन्हा पेटला. त्याच आठवड्यात पीयूसी काढायला गेलो, तर तिथेही नापास. सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ०.३ टक्के, माझा १च्या वर.

मग मेव्हण्याच्या ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी कोड बघितलाच नाही. "गाडी रात्रभर इथंच राहू दे." सकाळी थंड इंजिन चालू केलं आणि मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या, सांध्यावर साबणाचं पाणी टाकलं. टिकटिकीच्या तालावर बुडबुडे येत होते. सांध्याशी काजळीची काळी रेघ. गॅस्केट, म्हणजे सांध्यातलं सील, जळलेलं. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. तापल्यावर धातू फुगतो, फट मिटते, म्हणून आवाज थांबायचा. नाना पेठेतून गॅस्केट आणलं ४२० रुपयांना, मजुरी ९००.

एवढ्यावर भागलं असतं. पण मामांनी डब्यावर पान्याने टकटक केलं, तर पिंपासारखा आवाज. मोबाईलवर दोन्ही सेन्सरचे आलेख लावले. चांगला कॅटकॉन असेल तर मागची रेघ जवळपास सरळ जाते, ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास. माझी मागची रेघ पुढचीबरोबर ०.१ ते ०.९ नाचत होती. "आत काहीच नाही रे," मामा म्हणाले. डब्याभोवती ताजी वेल्डिंगची वीण होती, वर चंदेरी रंग फासलेला. आणि डाव्या अंगाला एक पोचा. तो पोचा मी ओळखला. वेल्ह्याच्या रस्त्यावर दगड लागला होता, तेव्हाचा.

म्हणजे माझाच डबा कापून आतली जाळी काढून घेतली होती. तिच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारात चांगला भाव मिळतो. रिकामा डबा जोडून मला परत विकला, वर १८,५०० घेतले.

भांडायला गेलो. बिल म्हणजे एक कोरा कागद, त्यावर "सायलेन्सर काम". जीएसटी नंबर नाही, पार्टचं नाव नाही. "तुम्ही दुसरीकडे गाडी खोललीत, आता आमची जबाबदारी नाही." १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनीही आधी बिलच विचारलं. तेव्हा तुम्ही तरी पक्कं बिल घ्या, काम चालू असताना गाडीजवळच थांबा, आणि गाडी सोपवण्याआधी पार्टवर पेंटमार्करने खूण करून फोटो काढा. माझ्याकडे पोचा होता, पण पोच्याचा जुना फोटो नव्हता.

ब्लूटूथ स्कॅनर ९०० रुपयांना घेतलाय. कोड अजून पी०४२०च येतो, या वेळी मात्र खरा. नव्या कॅटकॉनचे पैसे दिवाळीपर्यंत जमतील.