३७०झेडच्या गिअरबॉक्सला रेड लाइन एमटी-८५ आणि डिफला मोटुल गिअर ३००, पुण्यात वापरून बघितल्यावर

आधीच सांगून टाकतो, या दोन गिअर ऑइलांची जोडी मला मनापासून आवडलीये. गाडी निसान ३७०झेड, सहा गिअरची मॅन्युअल, ३.७ लिटरचं व्ही६ इंजिन, ताकद सगळी मागच्या चाकांना, म्हणजे गिअरबॉक्स पुढे आणि डिफरन्शियल (डिफ, डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटून देणारी पेटी) मागे वेगळं आणि दोघांचं ऑइलही वेगळं. हे लिहायचं कारण असं की आपल्याकडे अजूनही बऱ्याच ठिकाणी "नव्वद नंबर टाकू ना साहेब?" एवढंच विचारतात आणि एकाच डब्यातलं ऑइल दोन्हीकडे ओतून मोकळे होतात. जुन्या जीप-टेम्पोत चालून जात असेल, अशा गाडीत चालत नाही हो.

गाडी सेकंडहँड घेतलेली, जुन्या बिलांवर दोन्हीकडे जीएल-५ चं ८०डब्ल्यू-९० टाकल्याचं लिहिलेलं (जीएल म्हणजे गिअर ऑइलचा वर्ग, ८०डब्ल्यू-९० म्हणजे जाडीचा नंबर). कुठल्या गॅरेजचं बिल ते सांगत नाही, मुद्दा तो नाहीये. डिसेंबरात सकाळी लवकर निघालं की दुसऱ्यातून तिसरा टाकताना कर्र व्हायचं, आणि ताम्हिणीत वळणाआधी तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेलं की लिव्हर गिअरच्या दारातच अडायचा, जोर लावला की मग पडायचा. गरम झाल्यावर थोडं बरं, पण गुळगुळीत कधीच नाही. सगळ्यांनी सांगितलं की झेडचा गिअरबॉक्स असाच असतो, दणकट आणि जरा खडबडीत. ते अर्धं खरं आहे.

ऑइलच्या मागे लागण्याआधी क्लच बघून घ्या हे मात्र नक्की. इंजिन बंद असताना सगळे गिअर आरामात पडतायत आणि उभ्या गाडीत इंजिन चालू केलं की पहिला आणि रिव्हर्सही अडतोय, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, तिथे जगातलं सगळ्यात भारी ऑइल टाकलं तरी पैसे वाया. माझ्या गाडीत उभ्याने सगळं ठीक होतं, त्रास फक्त चालत्या गाडीत आणि ठरावीक गिअरला, म्हणजे दोष सिंक्रोचा, गिअर पडताना वेग जुळवून देणाऱ्या भागाचा.

आता जीएल-४ आणि जीएल-५ ची गोष्ट, कारण सगळा घोळ इथेच होतो, पाच हा चारपेक्षा मोठा म्हणून चांगला असं लोक धरून चालतात. तसं नाहीये. गिअर बदलताना सिंक्रोची रिंग गिअरच्या कोनवर, म्हणजे शंकूसारख्या भागावर, दाबली जाते आणि त्या घर्षणाने दोघांचा वेग जुळतो, तेव्हा गिअर आत जातो. म्हणजे तिथे घर्षण पाहिजे! ऑइल फार निसरडं असेल तर रिंगला पकडच मिळत नाही, वेग जुळायच्या आत दात दातावर आदळतात, तोच तो कर्र आवाज. डिफमध्ये बरोब्बर उलटं. तिथे हायपॉइड गिअर असतात, पिनियन (छोटा गिअर) क्राउनच्या (मोठ्या गिअरच्या) मध्यावर नसून खाली सरकवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत तर प्रचंड दाबाखाली लांबीने घासत जातात, साधी ऑइलची फिल्म तिथे फाटते. म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची एक्स्ट्रीम प्रेशर ॲडिटिव्ह जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात, ती स्टीलवर एक थर तयार करतात आणि धातूऐवजी तो थर झिजतो. पितळ किंवा ब्राँझच्या सिंक्रोवर हाच थर बसला तर मात्र निघताना तो खालच्या पितळेचा कणही घेऊन जातो. आजची जीएल-५ ऑइलं या बाबतीत बरीच सुधारलीत, तांब्याच्या पट्टीची टेस्ट पास करतात, पण निसरडेपणाचा प्रश्न उरतोच ना.

निसानच्या मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलंय, गिअरबॉक्सला जीएल-४ आणि ७५डब्ल्यू-८५, डिफला जीएल-५. एमटी-८५ नेमकं त्याच ग्रेडचं, फक्त जीएल-४, आणि जीएल-५ मधलं ते रिॲक्टिव्ह गंधक त्यात नाही. टाकल्यावर पहिल्याच चकरीत, चांदणी चौक ओलांडून पिरंगुटकडे जाताना, फरक हाताला कळला. दुसरा-तिसरा आता दोन बोटांनी जातो म्हणणार नाही, हा तसा गिअरबॉक्सच नाही, पण दारात अडणं गेलं आणि थंडीतला कर्र आवाज पण गेला. पहिले एक-दोन किलोमीटर थोडा जडपणा असतो, गिअर ऑइल गार असताना कुठलंही असू दे तेवढं होणारच, तेव्हा उगाच घाईने गिअर ओढायचे नाहीत. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच, मे महिन्यात भर दुपारी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पहिला-दुसरा-पहिला करत गाडी तापली तरी शिफ्ट सैल, बेचव होत नाहीत, गिअर कुठे बसला ते कळतं. घाटात ब्रेक मारत दुसरा टाकताना आता गाडी ऐकते, आणि असल्या गाडीचं सुख त्यातच आहे.

नंबरांबद्दल एक सांगतो कारण दुकानात यावरून वाद होतात. गिअर ऑइलची ७५, ८५, ९० ही मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे. गिअर ऑइलचं ९० म्हणजे १०० डिग्रीला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (ऑइलची जाडी मोजायचं एकक), म्हणजे जाडीला इंजिन ऑइलच्या ४० किंवा ५० च्या आसपासच. त्यामुळे नव्वद ऐकून काहीतरी डांबर टाकतोय असं समजू नका, आणि ८५ म्हणजे ११ ते १३.५, तेही काही पाणी नाही.

डिफला मोटुल गिअर ३०० टाकलं, ७५डब्ल्यू-९०, पूर्ण सिंथेटिक, एस्टर बेसचं. नाव सांगताना नीट सांगा, ३००व्ही मागितलंत तर ते इंजिनचं ऑइल हातात पडेल. याच्या डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही लिहिलेलं असतं आणि ते वाचून लोक गिअरबॉक्सलाही हेच टाकतात. काहींना चांगला अनुभव आहे, खोटं कशाला बोलू, पण माझं मत स्पष्ट आहे, भार सोसायची ताकद जीएल-५ ची असली की जीएल-४ ची आपोआप आलीच, त्यावरून सिंक्रोला काय आवडेल ते ठरत नाही. डिफला मात्र एक नंबर. एक्स्प्रेसवेवर एका लयीत जाताना मागून येणारी बारीक घूं कमी झाली, लोणावळ्याच्या चढाला ॲक्सिलरेटर सोडला-दाबला तरी मागून कुरकुर नाही. मला काही जणांनी ७५डब्ल्यू-१४० टाक म्हणून सुचवलं होतं, दर वीकेंडला ट्रॅकवर डिफ तापवणार असाल तर त्याला अर्थ आहे, रोज पाषाण-बाणेर करणाऱ्या गाडीला ते जाड ऑइल घुसळत बसण्यात काही फायदा नाही.

एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफ, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा) असेल तर कुठला आहे ते आधी माहीत करून घ्या. क्लच प्लेटवाला असेल तर फ्रिक्शन मॉडिफायर असलेलं ऑइल लागतं, नाहीतर पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवलं की मागून धडधड येते. टॉर्सनसारख्या गिअरवाल्याला ते लागत नाही. ३७०झेडचा व्हिस्कस असतो, त्याचं सिलिकॉन द्रव आत सीलबंद असतं, बाहेरच्या ऑइलशी त्याचा संबंध नाही, म्हणून साधं चांगलं जीएल-५ पुरे. आणि पुढच्या चाकांच्या गाड्यांचं गणित पूर्ण वेगळं, आपल्या रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो घ्या, तिच्यात आडव्या इंजिनाला जोडलेल्या एकाच पेटीत गिअर आणि डिफ दोन्ही, हायपॉइड नाहीच, त्यामुळे एकच जीएल-४ दोघांना पुरतं. मित्राकडे ती आहे, त्याला 'डिफचं ऑइल' म्हणून वेगळी बाटली विकायला निघाले होते, म्हणून मुद्दाम लिहितोय.

काम वारज्यातल्या एका छोट्या गॅरेजमध्ये करून घेतलं, लिफ्टवर, गाडी समतल ठेवून. दादा शिस्तीचे आहेत, ड्रेनला हात लावायच्या आधी भरायचा बोल्ट सुटतोय ना ते बघितलं. हे फार महत्त्वाचं, खालून सगळं ऑइल काढलं आणि वरचा बोल्ट गोल झाला तर गाडी तिथेच अडकली. थोडी चालवून गरम केलेली असली की जुनं ऑइल नीट निथळतं. ड्रेन बोल्टच्या मॅग्नेटवर राखाडी चिखलासारखी पेस्ट दिसली तर घाबरू नका, नेहमीची झीज आहे, पण चकाकणारे तुकडे किंवा दाताचा टवका दिसला तर ऑइल बदलून विषय संपत नाही. वॉशर नवीनच टाका.

खरेदीचं म्हणाल तर मोटुल नाना पेठेत सहज मिळालं, लिटरच्या बाटलीत, डिफला साधारण १.४ लिटर लागतं म्हणजे दोन बाटल्या. रेड लाइन मागवावं लागलं आणि ते स्वस्त नाही. त्याची बाटली अमेरिकन क्वार्टची, म्हणजे ९४६ मिली, लिटर नाही! गिअरबॉक्सला जवळपास २.९ लिटर लागतं, तीन बाटल्यांत थोडक्यात कमी पडतं, म्हणून चार मागवा, नाहीतर लिफ्टवर गाडी चढवून पाव पेल्यासाठी खोळंबून बसाल. एमटी-८५ नाहीच मिळालं तर त्यांचंच एमटी-९० घ्या, तेही जीएल-४ च आहे, जरा जाड, पुण्याच्या उन्हाळ्यात खुशाल चालेल, फक्त थंडीतल्या सकाळी पहिले काही शिफ्ट जास्त जड लागतील. त्यांचंच एमटीएल मात्र ७५डब्ल्यू-८० आहे, या गाडीला पातळ पडेल, ते घेऊ नका.