सिनेमाची भाषा शिकायचीय: व्हिडिओ एसे की फिल्म सोसायटी?

क्लोज-अप कशाला म्हणतात, मिडशॉट कशाला, हे तुम्हाला माहीत असणार. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कॅमेरा इथेच का ठेवला, शॉट याच क्षणी का तोडला, हे आपलं आपल्याला कळायला लागावं यासाठी मोकळा वेळ कुठे घालवायचा? इंटरनेटवरचे व्हिडिओ एसे, म्हणजे सिनेमाचे तुकडे दाखवत त्यावर निवेदन करणारे व्हिडिओ, बघण्यात, की फिल्म सोसायटीच्या, म्हणजे वर्गणी भरून एकत्र सिनेमा बघणाऱ्या मंडळाच्या, खेळांना जाण्यात? मी दोन्ही केलंय. (पुण्यात एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आणि फिल्म अर्काइव्ह हा चित्रपटसंग्रह यांचा, सिनेमा कसा बघावा हे शिकवणारा रसास्वाद अभ्यासक्रम असतो, तो तिसरा पर्याय. पण त्याला सलग काही आठवडे काढावे लागतात. तेवढी रजा मिळत असेल तर हे वाचत बसू नका, अर्ज करा.)

व्हिडिओ एसेला नावं ठेवणं सोपं आहे, पण काही गोष्टी त्यांच्याइतक्या चटकन कोणी शिकवत नाही. सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशोव्हचा प्रयोगच घ्या. चेहरा एकच, निर्विकार. त्याला कधी सूपचं भांडं जोडायचं, कधी शवपेटी, आणि बघणाऱ्याला दर वेळी त्या चेहऱ्यावर वेगळा भाव दिसतो. पुस्तकात हे वाचून मान डोलावली जाते. डोळ्यांनी बघितलं की डोक्यात बसतं. चौकटीच्या मांडणीचंही तसंच. ‘फँड्री’त (2013) डुक्कर बांधून नेताना मागे भिंतीवर आंबेडकर आणि सावित्रीबाईंची चित्रं येतात. ती चौकट थांबवून, बोट ठेवून दाखवावी अशीच आहे. आणि हे सगळं फुकट, रात्री अकरा वाजता, घरच्या कपड्यांत.

माझं बिनसलं ते एकाच गोष्टीवरून. ही मंडळी गप्प बसत नाहीत. सिनेमातल्या शांततेवरचा एक व्हिडिओ मी मोठ्या अपेक्षेने लावला, तर निवेदक पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलतच होता. ज्या शांततेची तारीफ चालली होती ती ऐकायला मिळालीच नाही. त्यांचाही नाइलाज असतो म्हणा. कॉपीराइटचा दावा लागू नये म्हणून तुकडे छोटे घ्यावे लागतात, मूळ आवाज दाबावा लागतो. पण त्यामुळे शॉटची लांबी आणि आवाज, या दोन्ही गोष्टी तिथे मार खातात. आणि माझ्या मते निम्मा सिनेमा त्यातच असतो.

‘कोर्ट’च्या (2014) शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दिवे मालवतात, कॅमेरा जागचा हलत नाही, आणि पडदा काळा होतो. सोसायटीच्या खेळाला त्या अंधारात लोकांनी पिशव्या उचलल्या, एक-दोघं तर उठून चालायलाही लागले. आणि सिनेमा पुढे सुरू झाला: न्यायाधीश सहलीला निघालेले! खटला आपल्यापुरता संपला असं आपण किती पटकन मानून टाकलं, हे खुर्चीत बसल्या बसल्या अंगावर आलं. हाच शॉट मी नंतर एका व्हिडिओत पाहिला. चार-पाच सेकंद, वर निवेदन, चटकन पुढे. माहिती अगदी बरोबर होती, पण झालं काहीच नाही.

सोसायटीतही सगळं आलबेल आहे असं नाही. सिनेमा तुम्ही निवडत नाही. प्रोजेक्शन कधी बरं असतं, कधी सबटायटल पुढच्या माणसाच्या डोक्याआड जातात. चर्चेत एक काका हमखास असे असतात की सिनेमा बाजूला राहतो आणि त्यांच्या कॉलेजच्या आठवणी सुरू होतात. निम्मे लोक तोवर शेवटची बस गाठायला गेलेले असतात. पण उरलेल्यांत एखादा असा निघतो, जो आपल्याला न दिसलेलं सहज बोलून जातो. ‘फँड्री’तच डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि नायक जब्याचं कुटुंब जागच्या जागी थांबतं. आमच्या सभागृहात काही जण हसले, दोघं-तिघं उभे राहिले, आणि हसणारे मध्येच गप्प झाले. चर्चेत एक बाई एवढंच म्हणाल्या, “आपण हसलो ते कोणाला?” घरी एकट्याने बघताना हा प्रश्न मला तरी पडला नसता.

मुंबईत प्रभात चित्र मंडळ 1968 पासून आहे, पुण्यात आशय फिल्म क्लब आहे. तिथल्या लोकांना सोसायटीला न जाण्याची सबब नाही. तालुक्याच्या गावी असाल तर मात्र माझा सल्ला तितकासा कामाचा नाही. तिथे व्हिडिओ एसेच बघा, फक्त क्रम पाळा: आधी अख्खा सिनेमा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि व्हिडिओ दुसऱ्या दिवशी. ज्याला संकलनातच रस आहे, त्याने तर सोसायटीच्या नादी न लागता व्हिडिओंपासूनच सुरुवात केलेली बरी.

बाकीच्यांनी वर्गणी भरण्याआधी एका खेळाला पाहुणे म्हणून जाऊन यावं. सिनेमा कोणता लावलाय याला फारसं महत्त्व देऊ नका. दिवे लागल्यावर चर्चेला किती जण थांबतात आणि एखादा प्रसंग पुन्हा लावून दाखवायची तिथे पद्धत आहे का, तेवढं बघा.