गावची माहिती: जनगणना की आर्थिक गणना?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या एखाद्या गावातून रोज बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा कामगार २०११च्या जनगणनेत आपल्या गावात मोजला जातो, तर २०१३-१४च्या सहाव्या आर्थिक गणनेत त्याचा कारखाना बेळगावात मोजला जातो. एक गणना घर धरते, दुसरी आस्थापना, म्हणजे दुकान, कारखाना अशी कामाची जागा. म्हणून दोन्हींचे आकडे एकमेकांतून वजा करू नका.

गावपातळीवर माणसांची माहिती हवी असेल तर जनगणनाच घ्या. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात (प्रायमरी सेन्सस ॲबस्ट्रॅक्ट) प्रत्येक गावाची लोकसंख्या, साक्षर आणि कामगारांचे चार गट मिळतात. साक्षरतेचा दर काढताना एकूण लोकसंख्येतून ० ते ६ वयाची मुले आधी वजा करा, नाहीतर दर कमी येतो. 'एकूण', 'ग्रामीण', 'शहरी' या ओळींची बेरीज केली तर आकडा दुप्पट होतो.

सर्वात जास्त घोळ तालुक्यांचा होतो. निपाणी आणि कागवाड हे तालुके नंतर झाले, त्यामुळे २०११च्या तक्त्यात ते नाहीत; निपाणीची गावे चिकोडीत शोधा, कागवाडची अथणीत. बैलहोंगल 'संपगाव' नावाने, सौंदत्ती 'परसगड' नावाने आहे. सारख्या नावांची गावे असतात, म्हणून सहा अंकी गावक्रमांक टिपून ठेवा. मातृभाषेचा सी-१६ तक्ता मात्र तालुक्यापाशीच थांबतो. आपल्या भागात हीच माहिती गावनिहाय हवी असते, ही मोठी उणीव आहे.

दुकाने, गिरण्या, यंत्रमाग मोजायचे असतील तर आर्थिक गणना. पण तिच्यात पिकांची शेती धरलेली नाही, त्यामुळे ऊस-तंबाखूच्या पट्ट्याचे चित्र अर्धेच उमटते.