900 ग्रॅममध्ये 14 एएच म्हणे! लिथियम बॅटरीत गेलेले माझे 10,880 रुपये

बॅटरी 6,850. 'लिथियमचा स्पेशल चार्जर' 1,450. कुरिअर 180. ताम्हिणी घाटातून गाडी टेम्पोत घालून पुण्याला आणली त्याचे 2,400. एकूण 10,880 रुपये. पैसे एक वेळ भरून येतील, पण त्या दिवशी मागच्या सीटवर माझी अकरावीतली मुलगी बसली होती, हे मनातून जात नाही.

गाडी 2018 ची रॉयल एनफिल्ड क्लासिक 350. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झाल्यापासून मला किक मारता येत नाही, त्यामुळे सेल्फ लागलाच पाहिजे. कामामुळे गाडी तीन-तीन आठवडे उभी असते आणि साधी लेड-ॲसिड बॅटरी तेवढ्यात उतरते. लिथियम उभ्या गाडीत चार्ज धरून ठेवते, वजनाला हलकी असते, हे खरंच आहे. म्हणजे मी काही जाहिरात बघून हुरळलो नव्हतो, मला गरज होती. मोबाइलवर जाहिरात दिसली: 14 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो), वजन फक्त 900 ग्रॅम. विकणाऱ्याशी बोलणं झालं, त्याने व्हिडिओ कॉलवर सेल्फ मारून दाखवला. 'दादा, दोन वर्षं वॉरंटी, आजच ऑफर आहे.' यूपीआयने पैसे पाठवले.

मला खरी टोचणी आहे ती पार्सल फोडलं त्या संध्याकाळची. मी वायरमन आहे, बावीस वर्षं हेच काम करतोय. सवयीने मल्टिमीटर लावला. 12.41 व्होल्ट. रात्रभर त्याच्याच चार्जरवर ठेवली, सकाळी बरोबर 12.6. बाइकच्या खऱ्या लिथियम बॅटरीत लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल सीरिजमध्ये असतात, भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी 13.3 च्या आसपास दाखवते. हे मला माहीत होतं! मी विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, 'दादा, लिथियम झोपलेली असते, दोन मिनिटं हेडलाइट लावा, जागी होते.' कडाक्याच्या थंडीत ही गोष्ट खरी असते. पण तो मे महिना होता, ओट्यावर अनवाणी उभं राहवत नव्हतं. मी हेडलाइट लावला. सेल्फ जरा जड फिरला, पण लागला. मी पॅनल बंद केलं. तिथे थांबायला हवं होतं.

एकोणिसाव्या दिवशी ताम्हिणीत नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला. मुलगी म्हणाली, 'बाबा, पायाला चटका लागतोय.' साइड पॅनल उघडलं तर बॅटरीची डबी फुगून कडेने फाटलेली. पक्कड घेऊन टर्मिनल सोडवलं आणि तिला रस्त्याच्या पलीकडे पाठवलं.

घरी डबी कापली. आत अठरा सेल, लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेले, सहा-सहाच्या तीन ओळी, एकीला एक सीरिजमध्ये जोडलेल्या. काहींचं आवरण हिरवं, काहींचं जांभळं, एकावर जुना वेल्डचा चट्टा. मोकळ्या जागेत थर्माकोल. बीएमएस, म्हणजे सेल जास्त चार्ज होऊ न देणारं सर्किट, नावाला नाही. असा सेल 4.2 व्होल्टच्या वर न्यायचा नसतो. गाडी चार्जिंगला 14.2 देते, तिघांत वाटले की प्रत्येकी 4.7. गाडी चालवली की दर वेळी तेच होत होतं.

म्हणून सांगतो, एएचचा आकडा बघू नका. चांगल्या कंपन्याही लेड-ॲसिडच्या बरोबरीचा आकडा छापतात, पण खरे वॅट-अवर, म्हणजे आत खरोखर किती ऊर्जा मावते ते, सोबत देतात. ते विचारा. खऱ्या 14 एएचला दीड-दोन किलो वजन लागतंच, 900 ग्रॅममध्ये बसत नाही.

तक्रारीचं ऐका. चौकीत साहेब म्हणाले, माल मिळाला ना, मग हे दिवाणी आहे. सायबरवाले म्हणाले, ओटीपी कोणी घेतला नाही, पैसे तुम्हीच पाठवलेत, यात सायबर काय? बँक म्हणाली, व्यवहार तुमच्याच पिनने झालाय. कुरिअरवाल्याने पाठवणाऱ्याचा पत्ता द्यायला पोलिसांचं पत्र मागितलं, आणि पत्र मागायला गेलो तर चौकीत म्हणाले, गुन्हाच दाखल नाही तर पत्र कशाचं! चार खेपा, चार दिवसांची मजुरी बुडाली. फाटलेली डबी पिशवीत घालून टेबलावर ठेवली तर हवालदार म्हणाले, हे इथून उचला आधी, पेट घेईल. पेट घेईल हे त्यांना कळतं, पण ते विकणं गुन्हा आहे हे लिहून घेत नाहीत!

बिल नीट बघा. माझ्या बिलावर जीएसटी नंबर होता, मी मोजला तो नंतर. चौदाच अक्षरं. खरा पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव येतं. पैसे पाठवायच्या आधी टाका. आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, मीटरच्या आकड्यासकट.

ग्राहक आयोगात आता ऑनलाइन तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. हे मला चारही ठिकाणी एकानेही सांगितलं नाही.

परवा तीच जाहिरात नव्या नावाने दिसली. फोटो तोच, डबीच्या डाव्या कोपऱ्यावरचा ओरखडासुद्धा तोच. किंमत आता 7,200.