थार आणि जिम्नीला कोणते शॉकअप घ्यावेत: नाशिकच्या रस्त्यांचा हिशेब

शॉकअप घ्यायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी किती उचलेल? दुकानदार ‘दोन इंच’ म्हणतो आणि सौदा होतो. उंची ही मुळात स्प्रिंगची करामत. शॉकअपचं काम त्या स्प्रिंगची उसळी आवरायचं. म्हणून आधी दोन गोष्टी ठरवा: गाडीवर कायमचं वजन किती, आणि ती डांबरावर किती चालते. नाशिकच्या बहुतेक थार आणि जिम्नी आठवडाभर गंगापूर रोड, मुंबई नाका, अंबड असं फिरतात आणि रविवारी हरसूल-पेठच्या बाजूला जातात. त्यात आता इगतपुरीहून समृद्धीवर चढलं की मोटारींना १२० ची वेगमर्यादा. चिखलात मऊ वाटणारी गाडी त्या वेगात लेन बदलताना डुलायला लागली, तर ती निवड चुकलीच.

गाडीची ठेवण बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. २०२० नंतरच्या थारला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि शॉकअपवरच चढवलेली स्प्रिंग, मागे दोन्ही चाकं जोडणारा सलग अ‍ॅक्सल. जिम्नीला दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. जुन्या थारला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आणि मागे पाटे. रेनॉ डस्टरला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअपच वजन पेलतो आणि स्टीअरिंगबरोबर फिरतोही. त्यामुळे एकाच कंपनीचा शॉकअप एका गाडीत झकास आणि दुसरीत साधारण निघू शकतो. मित्राच्या गाडीत बसून आपल्या गाडीची खरेदी ठरवू नये.

आता मालाकडे. कंपनीतून येणारे शॉकअप बहुधा ट्विन-ट्यूब असतात. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि थोडा गॅस. दगड लागून बाहेरची नळी चेपली तरी पिस्टन चालत राहतो, हा त्यांचा मोठा गुण. दोष असा की खडबडीत रस्त्यावर तासभर हाणली की तेल तापतं, त्यात गॅस मिसळून फेस होतो आणि शॉकअप ढिला पडतो. थंड झाला की पुन्हा ठीक, म्हणून गॅरेजमध्ये दाखवायला नेल्यावर दोष सापडतच नाही. गाडी ८०-९० टक्के शहरात चालत असेल आणि वर जादा वजन नसेल, तर याच जातीचा कंपनीच्या दर्जाचा नवा जोड पुरे. शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएल कंपनीचा कारखाना तर नाशिकमध्येच आहे, पण आपल्या मॉडेलचा नेमका पार्ट नंबर जुळवूनच घ्या.

फोम सेल हा त्याचाच पुढचा प्रकार. बाहेरच्या नळीतल्या मोकळ्या गॅसऐवजी बंद छिद्रांचा फोम, त्यामुळे तेलात मिसळायला गॅसच उरत नाही. आयर्नमॅन ४×४ आणि टफ डॉग या कंपन्यांची याच जातीच्या मालासाठी ओळख आहे. नळी जाड, तेल जास्त, म्हणून तापायला वेळ लागतो. रस्ता आणि रान दोन्ही करणाऱ्या वजनदार गाडीला आमचं पहिलं मत यालाच. अडचण जाडीची: रुंद टायर घातले असतील तर आतल्या बाजूला नळी घासते का, हे स्टीअरिंग पूर्ण वळवून बघावं लागतं. ओल्ड मॅन ईमू या ब्रँडचा नायट्रोचार्जर हा गॅस भरलेला ट्विन-ट्यूब. हलक्या गाडीला, विशेषतः जिम्नीला, त्याचा मऊपणा मानवतो.

बिल्स्टीनचा बी६ मोनोट्यूब. एकच नळी, मोठा पिस्टन, तळाशी तरंगत्या पिस्टनमागे उच्च दाबाचा नायट्रोजन. उष्णता थेट बाहेर जाते, म्हणून घाटात आणि वेगात गाडी घट्ट बसते. कसारा घाटात लागोपाठच्या वळणांवर फरक लगेच कळतो. पण त्र्यंबक रोडवरच्या छोट्या पॅचवर आणि सांध्यांवर पाठीला बातमी पोचते. शिवाय नळीला खोल चेप बसला की पिस्टन तिथेच अडकतो. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या नाल्यांत शॉकअपचा खालचा भाग उघडा राहत असेल, तर हा धोका मोजूनच घ्या. बाहेर रिझर्व्हायर (जादा तेलाची टाकी) असलेले, नॉब फिरवून कडक-मऊ करायचे महागडे प्रकार दोन-चार दिवसांच्या लांब मोहिमांसाठी. रविवारच्या चिखलासाठी तो खर्च नुसता मिरवण्याचा.

स्प्रिंगबाबत बहुतेक जण फसतात. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) मिळून पुढे सहज ७०-८० किलो वाढतात. ते नसताना ‘हेवी’ स्प्रिंग घातली तर गाडी नाक वर करून उभी राहते आणि स्पीडब्रेकरवर उड्या मारते. त्यावर कडक शॉकअप घालणं म्हणजे तापावर घोंगडी पांघरणं. जिम्नीवाल्यांनी आणखी एक विचारावं: संच तीन दारी गाडीसाठी की पाच दारी? आपल्याकडच्या पाच दारीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २५९० मिमी, तीन दारीचा २२५०, आणि वजनही वेगळं. बोल्ट जुळले म्हणजे स्प्रिंग जुळली असं नाही.

उंचीचं म्हणाल तर ३० ते ४० मिमी पुरे. थारला पुढे त्याहून वर गेलात की ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, सीव्ही बूट (शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी कव्हर) फाटतात, वरचा बॉल जॉइंट टोकाला टेकतो आणि अलाइनमेंट मापात बसत नाही. मग वरचा आर्मही बदलावा लागतो. स्वस्तातली चकती टाकून उचललेल्या गाडीचं चाक खाली लोंबायला जागा उरत नाही, खड्ड्यात ‘ठक’ वाजतं. जिम्नीत उंची वाढली की कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) घटतो, स्टीअरिंग भरकटतं आणि कधी वेगात थरथरतं. त्यावर तो कोन सावरणारे कॅस्टर बुश लागतात. आडव्या धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे अ‍ॅक्सलही एका बाजूला सरकतो, म्हणून तो रॉड लांबी बदलता येणारा घ्यावा.

बसवताना समोर उभं राहा. आधी सपाट जागेवर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप लिहून ठेवा. थारच्या पुढच्या स्प्रिंगला चांगला कॉम्प्रेसरच हवा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. पिस्टनची चकचकीत दांडी पान्ह्याने किंवा पकडीने धरू देऊ नका, एका ओरखड्याने सील जातं. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच पक्के आवळायचे. हवेत लटकत असताना आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. जॅकवर चाक पूर्ण लोंबवून ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, ते पाहा. उलट बाजूने, स्प्रिंग काढून चाक वर दाबलं असता बंप स्टॉप (चाक फार वर येऊ न देणारा रबरी ठोकळा) आधी टेकला पाहिजे, शॉकअप नंतर. हे मोजायला मेकॅनिक कंटाळतो, आणि नवा शॉकअप तळाशी आपटून फुटतो तो यामुळेच.

अलाइनमेंट त्याच दिवशी, हेडलाइटचा झोतही खाली घ्या. ५०० किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. तोवर स्प्रिंगही पाच-दहा मिमी बसलेली असते, म्हणून अलाइनमेंट परत तपासा. उंची आणि टायर बदलण्याआधी आरटीओ, विमा आणि वॉरंटी यांचं विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या फेरफारांवर बंधनं आहेत.

पावसाळ्यात काळी माती शॉकअपच्या धूळटोपीत जाऊन बसते, वाळते आणि दांडी घासते. घरी आल्यावर टोपी वर सरकवून साध्या पाण्याने धुवा. प्रेशरचा फवारा सरळ सीलवर मारू नका. नळीवर तेलाचा पुसट ओलावा चालतो. ओघळ दिसला तर त्या अ‍ॅक्सलचे दोन्ही शॉकअप बदला.