दानाचा हिशेब मांडणारी मंडळी : वडोदऱ्यातील एका सभासदाचा अभिप्राय

वडोदऱ्यात नोकरीसाठी आलेले मराठी ख्रिस्ती कुटुंब नवी मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, शोधते, तेव्हा उपदेश कसा आहे, गायन कसे आहे, मुलांसाठी रविवारची शाळा भरते का, एवढी चौकशी हमखास करते. दानाच्या थैलीत टाकलेल्या पैशाचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो, कारण तो विचारणे म्हणजे पाळकसाहेबांवर किंवा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांवर अविश्वास दाखवणे असा समज आपल्यात खोलवर आहे. हा समज चुकीचा आहे असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच मी ज्या मंडळीचा सभासद आहे तिच्या केवळ दान आणि हिशेबाच्या व्यवस्थेविषयी हा अभिप्राय लिहीत आहे. मंडळीचे नाव देत नाही, कारण काही उणिवाही सांगायच्या आहेत आणि त्या दूर करण्याची जागा मंडळीची सभा आहे. पाचपैकी चार गुण मी या व्यवस्थेला देईन. पाचवा का दिला नाही, ते पुढे येईलच.

फतेगंज, निजामपुरा आणि आसपासच्या वस्त्यांतून येणाऱ्या आमच्या मंडळीत मुख्य उपासना गुजरातीत होते आणि मराठी कुटुंबांची प्रार्थनासभा वेगळी भरते. पैसा मात्र एकाच खजिन्यात जमा होतो. मंडळी गुजरात सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेली आहे. हा कायदा मूळचा १९५०चा मुंबई सार्वजनिक न्यास कायदा असून, त्यानुसार नोंदलेल्या न्यासाला नियमित हिशेब ठेवावे लागतात आणि दरवर्षी ते तपासून घ्यावे लागतात. न्यासाची जमीन किंवा इमारत विकायची असेल, अथवा बिगरशेती मालमत्ता तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची असेल, तर चॅरिटी कमिशनरची पूर्वपरवानगी लागते. कायद्याचे हे किमान बंधन पाळले म्हणजे सारे झाले असे पुष्कळ ठिकाणी मानले जाते. आमच्या खजिनदारांनी मात्र वार्षिक तपासणीची वाट न पाहता दर रविवारपासून सुरुवात केली, आणि या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट मला तीच वाटते.

उपासनेत फिरणारी थैली कापडी आणि तोंडाशी अरुंद आहे, त्यामुळे शेजाऱ्याने किती टाकले हे दिसत नाही. आशीर्वादानंतर ती थैली एकट्या माणसाच्या हाती जात नाही. दोन मोजणीदार आणि पंचांपैकी एक जण, असे तिघे मिळून ती उघडतात. मोजणीदार एकमेकांचे नातेवाईक नसावेत आणि दर महिन्याला बदलावेत, असा नियम आहे. पाचशेच्या किती नोटा, शंभराच्या किती, सुटी नाणी किती, हे सारे मोजणीच्या वहीत लिहून तिघे सही करतात, आणि तोच आकडा सोमवारी बँकेत भरलेल्या स्लिपवर दिसावा लागतो. मोजणीपूर्वी थैलीतून एक रुपयाही खर्च करायचा नाही, मग तो फुलवाल्याचा असो वा रिक्षाभाड्याचा. हा नियम लहानसा वाटतो, पण हिशेबाचा सारा खरेपणा त्यावर उभा आहे. वर्षाअखेरीस येणारा लेखापरीक्षक व्हाउचर पाहतो, बँकेचे पासबुक पाहतो, कीर्द आणि खतावणी ताडून पाहतो. परंतु वहीत चढण्यापूर्वी थैलीत किती होते हे त्याला कोणत्याही कागदावरून कळू शकत नाही. तेवढी एक जागा सभासदांनीच सांभाळायची असते.

ही खबरदारी कचेरीतून चर्चमध्ये आलेली नाही. योवाश राजाच्या काळी मंदिराच्या डागडुजीसाठी पैसा येत राहिला आणि वर्षानुवर्षे डागडुजी झाली नाही, तेव्हा यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली आणि पैसा पुष्कळ साठला की राजाचा चिटणीस व प्रमुख याजक हे दोघे मिळून तो मोजू लागले, असे बायबलमधील २ राजे १२ मध्ये सांगितले आहे. यरुशलेमेतील गरिबांसाठी इतर मंडळ्यांतून गोळा झालेले दान पौलानेही एकट्याने नेले नाही; आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू असावा याची त्याने काळजी घेतली आणि कोणालाही दोष ठेवायला जागा राहू नये हे कारण करिंथकरांना लिहून कळवले. ज्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते, त्या प्रेषिताने स्वतःहून साक्षीदार मागितला. मोजणीची वही समोर ठेवल्यावर आमच्याकडील काही ज्येष्ठांना अपमान वाटला होता; त्यांची समजूत खजिनदारांनी याच दोन उताऱ्यांच्या आधारे काढली.

थैलीखेरीज दर महिन्याचे पाकीट आणि क्यूआर कोड असे दान देण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. क्यूआर कोड न्यासाच्या बँक खात्याचा आहे आणि पैसे पाठवण्यापूर्वी मोबाइलवर न्यासाचेच नाव उमटते. हे मुद्दाम लिहितो, कारण पाळकांच्या किंवा एखाद्या पंचाच्या वैयक्तिक खात्यावर दान मागवण्याची पद्धत अनेक लहान मंडळ्यांत आजही चालू आहे. तो माणूस कितीही सज्जन असला तरी मंडळीचा पैसा त्याच्या घरच्या पैशात मिसळतो आणि उद्या तो नसला तर वारसांपुढे मंडळीला हात जोडावे लागतात. दुकानांतून रक्कम मोठ्याने पुकारणारे जे यंत्र असते, ते आमच्या चर्चमध्ये बसवलेले नाही. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये असे ज्यांना शिकवले आहे, त्यांच्या दानाची रक्कम भिंतीवरून ऐकू येणे योग्य नव्हे, हा पंचांचा निर्णय मला फार आवडला. पैसे पाठवताना टिपेच्या जागी दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग), उपकारस्तुती, बांधकाम किंवा मदतनिधी असा उद्देश लिहावा लागतो. न लिहिल्यास रक्कम सर्वसाधारण निधीत जाते.

पाकिटावर क्रमांक असतो, नाव नसते. कोणता क्रमांक कोणाचा हे फक्त खजिनदार आणि त्यांचे एक सहकारी जाणतात, आणि पाळकसाहेबांनी ही यादी पाहायची नाही असे त्यांनी स्वतःच पंचांना लेखी कळवले आहे. याचे महत्त्व समजण्यासाठी उलट अनुभव घेतलेला असावा लागतो. पूर्वी आम्ही ज्या दुसऱ्या मंडळीत जात होतो तिथे वर्षाअखेरीस दशमांश देणाऱ्यांची नावे रकमेसह वाचून दाखवली जात, आणि ज्या घरात त्या वर्षी आजारपण झाले असेल त्या घरातील माणसे त्या रविवारी येणेच टाळत. गरीब विधवेने दिलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे क्षुल्लक नाण्यांची, गोष्ट सांगणाऱ्या व्यासपीठावरून असे वाचन व्हावे, याचे दुःख अजून जात नाही. आमचे सध्याचे पाळक दशमांशावर जरूर बोलतात, दशमांश आणण्यास सांगणारा मलाखीचा तिसरा अध्यायही वाचतात, परंतु दिलेल्याच्या दुप्पट परत मिळेल असे आश्वासन ते देत नाहीत; कर्ज असलेल्याने आधी कर्ज फेडावे, असे त्यांनी उपदेशातून स्पष्ट सांगितलेले मी ऐकले आहे.

पावतीच्या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज करसवलतीविषयी आहे. ‘ऐंशी-जीची पावती मिळेल का?’ असे विचारणाऱ्याला आमचे खजिनदार नम्रपणे नाही म्हणतात, आणि ते बरोबर आहे. देणगीवर करसवलत देणारी मान्यता (१९६१च्या आयकर कायद्यातील कलम ८०-जी) विशिष्ट धर्मसमुदायाच्या हितासाठी असलेल्या संस्थेला सामान्यतः मिळत नाही. ख्रिस्ती लोकांनी चालवलेला, पण सर्वांसाठी खुला असलेला दवाखाना किंवा शाळेचा स्वतंत्र न्यास असेल तर त्याला ती मिळू शकते. तिथेही २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख दिल्यास सवलत नाही आणि नव्या करप्रणालीत असलेल्या व्यक्तीला तर ती मुळीच नाही. थैलीत निनावी पडणाऱ्या पैशाची मात्र चिंता करण्याचे कारण नाही. निनावी देणग्यांवर ३० टक्के कर लावणारी तरतूद निव्वळ धार्मिक न्यासांना लागू होत नाही.

वडोदऱ्याच्या ख्रिस्ती घरांतून कॅनडा, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाला गेलेली मुले पुष्कळ आहेत, आणि नाताळ जवळ आला की त्यांना आपल्या मंडळीसाठी काही पाठवावेसे वाटते. इथे आमची मंडळी कडक आहे. विदेशी अंशदान कायद्याखाली तिची नोंदणी नाही, त्यामुळे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाचे दान ती स्वीकारत नाही, मग तो याच अंगणात वाढलेला का असेना आणि त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड का असेना. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या मुलाने परदेशातील स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा मात्र विदेशी अंशदान ठरत नाही आणि तो घेतला जातो. नोंदणी असलेल्या संस्थांनाही २०२०च्या दुरुस्तीनंतर असा निधी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावा लागतो, त्यातील २० टक्क्यांपेक्षा अधिक प्रशासनावर खर्च करता येत नाही आणि तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. हे सर्व समजावून सांगणारे एक पान खजिनदारांनी दारातील फलकावर लावले आहे. नाराज होणारे नातेवाईक असतात, पण नियम नात्यागणिक बदलत नाही.

आता उणिवांकडे येतो. पहिली उणीव हंगामाच्या सणाची आहे. त्या दिवशी धान्य, भाजी, नारळ, केळीचे घड, घरी केलेले केक वेदीपुढे येतात आणि नंतर अंगणात त्यांचा लिलाव होतो. एका भोपळ्यावर बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते, लहान मुले ओरडतात, म्हाताऱ्या आज्या हट्टाने आपलाच नारळ परत घेतात. वर्षातील इतके आनंदाचे दान दुसरे नाही. परंतु बोली लावणाऱ्यांपैकी काही जण पैसे नंतर देतो म्हणतात, आणि लिलावाची संपूर्ण रक्कम त्याच महिन्याच्या पत्रकात जमा दाखवली जाते. प्रत्यक्ष आलेला पैसा आणि येणे असलेला पैसा एकाच ओळीत लिहिल्यामुळे खर्चाचे अंदाज चुकतात. येणे रक्कम वेगळ्या रकान्यात दाखवावी, एवढी साधी सुधारणा अजून झालेली नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. बांधकाम निधीचे खाते वेगळे आहे, पण एका पावसाळ्यात चालू खर्चाला पैसे कमी पडल्यावर त्यातून उसने घेतले गेले. सभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद आहे, रक्कम पुढे परतही केली गेली, कोणाच्याही हेतूवर मी बोट ठेवत नाही. तरी मासिक पत्रकात ती उसनवारी दिसली नाही. ज्या आजीने बांगडी मोडून छपरासाठी पैसे दिले, तिने छप्पर म्हटले होते. तो पैसा दुसरीकडे वळवण्यापूर्वी तिला विचारणे, निदान त्याच महिन्यात सर्वांना सांगणे, मंडळीचे कर्तव्य होते.

मदतनिधी चांगला चालतो. अर्जदाराचे नाव तीन जणांच्या समितीबाहेर जात नाही, समितीत एक स्त्री असतेच, आणि पत्रकात फक्त औषधोपचार, शाळेची फी, अंत्यविधी असे मथळे आणि त्यांखालील रकमा येतात. निर्णय मात्र महिन्यातून एकदाच होतो. रुग्णालयात अनामत भरायची असलेल्या कुटुंबाला तोवर थांबता येत नाही. समितीतील दोघांच्या सहीने तातडीची एक मर्यादित रक्कम देता यावी, असा ठराव पुढील सभेत मांडण्याचे आम्ही काही सभासदांनी ठरवले आहे.

मराठी सभासदांसाठी एक वेगळी मागणीही आहे. मासिक पत्रक आणि पावती गुजराती लिपीत व गुजराती अंकांत असते. इथे वाढलेल्या पिढीला त्यात अडचण नाही, पण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) किंवा जालन्याकडून सुना म्हणून आलेल्या ज्येष्ठ स्त्रिया दान नियमितपणे देतात आणि पत्रक मात्र दुसऱ्याकडून वाचून घेतात. देवनागरीत एक पानाचा गोषवारा काढण्याचे काम आमच्या प्रार्थनासभेतील एखादा तरुण सहज करू शकेल, आणि खजिनदारांनी त्याला आकडे देण्याची तयारी दाखवली आहे.

या मंडळीत नव्याने येणाऱ्यांनी क्यूआर कोडवर दान देताना उद्देश लिहायला विसरू नये, रोख मोठी रक्कम थैलीत न टाकता खजिनदारांकडे देऊन क्रमांकाची पावती घ्यावी, आणि सभासद झाल्यावर वार्षिक सभेच्या आधी तपासलेला ताळेबंद मागून घ्यावा. मागितल्यावर तो मिळतो. उपासनेनंतर सोबत बसून प्रत्येक ओळ समजावून सांगण्याइतका वेळही खजिनदार देतात.